सिनेमातून उठून जाणारी आक्का

सिनेमा अर्धवट सोडून उठणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. कुणाला कंटाळा येतो, कुणाचा फोन वाजतो. आक्का मात्र निषेध म्हणून उठायची. वसईजवळच्या होळी गावच्या समाजमंदिरात आम्ही महिन्यातल्या एका रविवारी सिनेमा दाखवायचो. दारात सगळ्यांच्या चपलांचा ढीग पडलेला असायचा, आक्काच्या चपला मात्र तिच्या पायात. दाराजवळची शेवटची खुर्ची तिची. कुणी हटकलंच तर म्हणायची, "निघायची वेळ आली तर अंधारात शोधत बसू काय?"

ती खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातली. शिकली, बँकेत लागली, वसईत राहायला आली आणि तिथंच निवृत्त झाली. काउंटरवर ती अगदी पुस्तकी बोलायची म्हणे. सिनेमाचा विषय निघाला की मात्र माहेरची भाषा यायची, पाण्याचं 'पानी' व्हायचं. मारामारीचे, प्रेमाचे, भुताचे सिनेमे ती शेंगदाणे खात शेवटपर्यंत बघायची. कडक होती ती फक्त चांगल्या विषयावरच्या सिनेमांशी. "फालतू पिक्चर मला फसवत नाय," ती म्हणायची. "तो सांगूनच येतो, मी फालतू हाय. हे तुमचे थोर पिक्चर फसवतात."

मला हे झोंबायचं. माझं बालपण पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. बाबा चळवळीतले. वाड्या वाचवा, विहिरी वाचवा, खाडी वाचवा, असं छापलेल्या कागदांचे गठ्ठे आमच्या पलंगाखाली कायम असत, आणि त्यांच्या शाईचा वास माझ्या शाळेच्या डब्यालाही यायचा. ज्या सिनेमाची बाजू खरी तो सिनेमा चांगला, याबद्दल मला शंकाच नव्हती. आक्का मला 'पत्रक' म्हणूनच हाक मारायची.

एकदा मी एका मजूर बाईवरचा सिनेमा आणला. अर्धा हॉल डोळे पुसत होता. आक्का मध्यंतराच्या आधीच उठली. मी तिच्या मागोमाग बाहेर गेले. ती रस्त्यावर रिक्षा बघत उभी होती.

"आक्का, विषय किती महत्त्वाचा होता."

"विषय चांगलाच होता. पिक्चर नव्हता. विषयासाठी तुझ्या बाबाची पत्रकं हायत की घरी."

"पण त्या बाईवर अन्याय झालाय."

"झालाय ना. मग तिला जरा जगू दे. इतक्या वेळात एकदा तरी ती जेवली? शेजारनीशी भांडली? कोनाची टिंगल केली? नुसती उभी राहून सोसते, आनि मागनं व्हायोलिन. गरीब मानूस इतका वेळ गप राहतो कुठं गं? माझी आई अर्धपोटी होती, पन तिची भांडनं ऐकायला गल्ली जमायची."

तेव्हापासून हॉलमध्ये ती एक गंमतच झाली. पडद्यावर कुणी दुःखात खिडकीबाहेर बघायला लागलं की शेजारच्या वटार गावचे एक केळीवाले काका अंधारातून ओरडायचे, "आक्का, व्हायोलिन वाजलं हां." आणि आक्का खरंच उठायची. लोक हसायचे. मी धुमसायचे. इथं माणसं आंदोलनाला रस्त्यावर उतरत नाहीत, आणि आपण रडवणाऱ्या सिनेमालाही हसतो, असं वाटून मला चैन पडायचं नाही.

एक सिनेमा मात्र तिनं शेवटपर्यंत पाहिला. त्यातला जमीनदार कुळांना पिळून काढतो आणि घरी आंधळ्या आईला स्वतःच्या हातानं भरवतो. काही दिवसांनी तिचा फोन आला. "त्या जमीनदारानं माझी झोप घालवली बघ. तो आईला भरवत होता ना, तेव्हा अगदी आमच्या बाळारामसारखा दिसला. आता मी शिव्या कोनाला घालू?"

बाळाराम हा तिचा धाकटा भाऊ. त्यानं माहेरची भातखाचरं भराव टाकणाऱ्यांना विकली. खाडीचं पाणी पसरायची जागा बुजली आणि पुढच्याच पावसाळ्यात ते गावात शिरलं. तेव्हापासून आक्का त्याच्याशी बोलत नव्हती.

त्याच भरावावर मी माझा पहिला लहानसा सिनेमा केला. शेजारची खाचरंही विक्रीला निघाली होती. तिथल्या भरावावरच्या हरकतींची सुनावणी जवळ आली होती, आणि तिच्या आधीच्या रविवारी सिनेमा दाखवून माणसं पेटवायची, असं मी ठरवलं होतं. बाळारामभाऊंना मी भरावाच्या ढिगावर उभं केलं, कॅमेरा खालून लावला आणि मागं ढोलाचा गडगडाट टाकला. पुढं घरात शिरलेलं पाणी आणि भिजलेल्या म्हाताऱ्या. तयार झाल्यावर लॅपटॉप घेऊन आक्काच्या घरी गेले.

थोडा वेळ तिनं पाहिलं. मग उठली, दाराशी गेली, चपला घातल्या आणि स्वतःच्याच घरातून निघून गेली.

मी बाहेर आले तर ती फाटकाशी उभी.

"आक्का, तुझंच गाव आहे ते. तुझ्याच माहेरच्या घरात पाणी शिरलंय."

"म्हनूनच. बाळाराम राक्षस हाय असं तू सांगतेस. हॉलात उद्याचे विकनारे बसनार हायत. ते म्हनतील, बरं झालं, आपन काय राक्षस नाय. आनि घरी जाऊन सही करतील."

"त्याला माणूस म्हणून दाखवलं तर लोक त्याला माफ करतील."

"करू देत की. मी नाय करनार. पन खुर्चीवर बसल्याला वाटलं पाहिजे, अरे, हा तर मीच हाय." मग म्हणाली, "आता मला परत दाखवू नको. बघीन ते लोकांबरोबर."

मी चिडूनच घरी आले. पण बाळारामभाऊंचं सगळं चित्रीकरण पुन्हा काढून बसले. ढोलाच्या हट्टापायी मी त्यांचं बोलणंच कापून टाकलं होतं. गोठ्यात म्हशीला पेंढा घालता घालता ते सांगत होते. खाडीचा बांध फुटला की पूर्वी घरटी एक माणूस चिखल टाकायला यायचा, न सांगता. शेवटच्या वेळी बांध फुटला तेव्हा ते आणि त्यांची बायको, दोघंच होते. शेतात खारं पाणी शिरलं, भात जळलं. "सगळ्यांना निरोप धाडला होता," ते म्हणाले. "आक्काला पन. ती म्हनाली, सुट्टी नाय मिलत." मी ढोल काढला आणि हे सगळं ठेवलं. शेवटचं वाक्यसुद्धा.

त्या रविवारी हॉल भरला. बाळारामभाऊही आले आणि पुढं बसले. आक्का शेवटच्या खुर्चीवर, पायात चपला. पडद्यावर ते वाक्य आलं तसे सगळे मागं वळले. केळीवाले काकाही वळले. मी पडदा सोडून तिच्या पायांकडे बघत होते. ती उठली असती तर माझा सिनेमा तिथंच संपला असता, कारण तो खोटा आहे असं हॉलनं मानलं असतं. आणि तो खरा होता, म्हणूनच उठायला तिला त्या दिवशी सगळ्यात मोठं कारण होतं.

तिनं चपला काढल्या. पाय वर घेतले, खुर्चीवर मांडी घातली आणि पदर तोंडाशी धरून शेवटपर्यंत बघत राहिली.

संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खाचर विकायला काढलेल्या एकानं विचारलं, "बांध अजून बांधता येईल काय?" बाळारामभाऊ म्हणाले, "मानसं आली तर येईल." मग ते मागं गेले. "चल आक्का, सोडतो तुला." ती स्कूटरवर त्यांच्या मागं बसून गेली, अनवाणीच. चपला खुर्चीखाली राहिल्या.

दुसऱ्या दिवशी चपला घेऊन गेले तर म्हणाली, "ठेव तिथंच हॉलात. मला परत यायचंच हाय." पुढच्या महिन्यात ती नव्या चपला घालून आली, आणि मध्यंतराच्या आधी उठून गेली.

सुनावणीला माणसं आली. काही खाचरं वाचली, काही बुजली. सिनेमामुळं वाचली असं मी म्हणणार नाही. बांधावर मात्र पुन्हा थोडी माणसं जातात. आक्कानं बाळारामला माफ केलं का, ते मला कधी कळलं नाही. ती गेली तेव्हा खांदा द्यायला पुढं तोच होता.

जुन्या चपला अजून शेवटच्या खुर्चीखाली आहेत. झाडणारी बाई त्या उचलते, केर काढते, परत ठेवते. माझा दुसरा सिनेमा चालू आहे. परवा एका म्हातारीच्या चेहऱ्याखाली व्हायोलिन लावून पाहिलं. फार सुंदर वाटत होतं. मी उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि ते काढून टाकलं.