हुडाकची रेघ

टॅनर्सबर्गच्या न्हाव्याच्या दुकानात अजून छातीठोकपणे सांगतात, की ऑन्द्रे हुडाकने सदतीस सालचं अजिंक्यपद जावयाला लग्नाच्या आहेरात देऊन टाकलं. सांगणारा आधी मानेचं फडकं सैल करतो, मग हुडाकसारखा एक डोळा मिटून हवेत रेघ ओढतो, आणि अर्ध्या दाढीचे लोक खो खो हसतात.

यातलं जावयाचं खरं. तेही तेव्हा अजून ठरायचंच होतं. आहेराचं साफ खोटं.

हुडाक काचवाल्यांच्या मैदानाचा राखणदार. काचवाले म्हणजे गावचा बेसबॉलचा संघ. लीग अगदी खालच्या पायरीवरची, पण खेळाडू पगारी. काचेच्या कारखान्याच्या भट्टीने हुडाकची छाती पोखरली, डॉक्टरने बजावलं की भट्टीसमोर आणखी एक हिवाळा काढलास तर पुढचा तुला दिसायचा नाही, तेव्हा त्याला हे काम मिळालं. कामाबरोबर प्रेक्षकांच्या लाकडी बाकांखालच्या दोन खोल्या. सामन्याच्या दिवशी त्याच्या डोक्यावर दोन हजार बूट नाचायचे. फटींतून शेंगांची टरफलं कोबीच्या सूपात पडायची, आणि त्याची बायको आना भांड्यावर झाकण आपटत वर ओरडायची, "अरे, खाल्लंत ते खाल्लंत, आम्हाला कशाला वाढताय!"

त्या वर्षी संघात डेनिस क्विल नावाचा लुकडा पोरगा होता. त्याला चेंडू लांब मारता येत नसे. तो बॅट आडवी धरून चेंडूला नुसतं थोपटायचा. चेंडू चुन्याच्या रेघेच्या कडेने मुंगीच्या पावलांनी निघायचा, आणि समोरचा वाकून तो उचलेपर्यंत क्विल पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पोचून चड्डीची धूळ झटकत असायचा. असा चेंडू रेघेबाहेर गेला की फुकट. आत थांबला, अगदी रेघेवर थांबला, तरी चालतो.

म्हणून हुडाकने तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या रेघेबाहेरची माती अंगठ्याएवढी उंच करून ठेवली होती. यात त्याला काही गैर वाटत नसे. लीगमधला प्रत्येक राखणदार असलं काहीतरी करायचाच. हार्लनमध्ये तर पाहुण्यांच्या धावायच्या वाटेवर इतकं पाणी ओतत, की बूट जागेवर राहून पाय पुढे जायचा. घरच्या पोराला वाढताना डाव जरा खोल जातो, एवढंच.

काय दिवस होते ते! मे महिन्यात एक चेंडू रेघ ओलांडून बाहेर गेला, थबकला, आणि घरी काहीतरी विसरल्यासारखा परत आत आला. पंचाने डोळे चोळले. जूनमध्ये भट्ट्यांचा धूर इतका खाली उतरला, की लांबचे खेळाडू दिसेनात. लोक बॅटचा आवाज ऐकून अंदाजाने टाळ्या देत होते आणि एकदा चुकून विरोधकांनाही दिल्या. काचवाले पहिल्या नंबरावर. क्विल दर रविवारी हुडाककडे जेवायला, आणि हुडाकची मुलगी मिल्का त्याच्या ताटात डंपलिंग मोजायचीच विसरायची.

जुलैत संघाच्या मालकाने क्विलला हार्लनच्या कोळसेवाल्यांना विकून टाकलं.

रविवारचं जेवण सुटलं नाही. फक्त हुडाकने एक नियम घातला: हार्लनची टोपी घराबाहेर, फाटकाच्या खुंटीला.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार उजाडला तेव्हा काचवाले आणि कोळसेवाले बरोबरीत होते. त्या दिवशीचा सामना जिंकेल त्याचं अजिंक्यपद. सकाळी सात वाजता काचवाल्यांचा व्यवस्थापक वॉल्टर प्रूएट रेघेपाशी आला. हा माणूस गालात तंबाखू धरून बोलायचा, आणि प्रत्येक गोष्ट समोरच्याच्या कानात खिळ्यासारखी ठोकायचा.

"हुडाक, ऐक. ऐकतोयस ना? ऐक. हा उतार उलटा कर."

"उलटा म्हणजे?"

"बाहेरच्या बाजूला. क्विलने थोपटलं की चेंडू गडगडत बाहेर. तुझा जावई तुझ्याच मातीत तोंडघशी पडला पाहिजे. ऐकलंस?"

"अजून जावई नाही, साहेब."

"आणि उद्या तू राखणदार नसशील! दोन खोल्या नसतील! सोमवारी भट्टीपुढे, तू आणि तुझी ती छाती. ऐकलंस का?"

हुडाकने फावडं उचललं. प्रूएटने तेच उत्तर धरलं, समाधानाने थुंकला आणि गेला.

हुडाक खणत राहिला. उतार आहे तसा ठेवावा, तर तो आज क्विलच्या कामी येणार. आपल्याच संघाचा घात. उलटा करावा, तर रोज ज्याच्यासाठी माती रचली, त्याच्यासाठी आता खड्डा खणायचा. घरच्याला चमचाभर जास्त वाढणं वेगळं आणि एकाच्या ताटात मुद्दाम खडे टाकणं वेगळं.

मिल्का कॉफी घेऊन आली. मातीकडे बघत तिने हळूच विचारलं, "टाटो, कुठल्या बाजूला?"

"कुठल्याच नाही."

"मग दोन्हीकडचे शिव्या देतील."

"देऊ देत. गवंड्याची पाणसळ आण."

अकरापर्यंत त्याने रेघ सपाट केली. पाणसळीतला बुडबुडा दहा ठिकाणी तपासला. मग चुना ओढला. प्रूएटला मात्र त्याने सांगितलं नाही. दोनदा त्याच्या दारापर्यंत गेला आणि दोनदा परतला. चूक झाली असेल तर ती इथे झाली.

शेवटचा, नववा डाव. दोन्हीकडे तीन-तीन धावा. कोळसेवाल्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर; तिथून 'घरी', फलंदाजाच्या जागी, पोचला की धाव. फलंदाजीला क्विल.

हुडाक आपल्या फाटकात, फाटकाचा गज धरून उभा. डोक्यावरची बाकं गप्प झाली होती. दोन हजार बुटांपैकी एकही हलत नव्हता.

क्विलने बॅट आडवी धरली. टक्. चेंडू तिसऱ्या बेसच्या बाजूने निघाला, रेघेला अगदी चिकटून. तिसऱ्या बेसवरचा गडी घराकडे सुटला. काचवाल्यांचा लेस्टर बोगन धावत आला, चेंडूवर वाकला, हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" प्रूएट किंचाळला. "बाहेर जातोय! जाऊ दे! ऐक, जाऊ दे!"

बोगनने हात मागे घेतला. दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून तो चेंडूबरोबर खेकड्यासारखा आडवा चालू लागला. चेंडू मंदावला. डावीकडे डोलला. बोगन पुटपुटला, "जा बाबा, जा." चेंडू उजवीकडे डोलला. हुडाकला तोंड उघडून ओरडायचं होतं, उचल रे, तो नाही जायचा बाहेर! घशातून नुसती भट्टीची खरखर निघाली.

चेंडू थांबला. रेघेच्या बरोबर मध्यावर, चुन्यात अर्धा बुडून.

पंच पोटावर पडला, एक डोळा जमिनीला लावला, आणि उठताना म्हणाला, "चालला."

धाव धरली गेली, चार-तीन; मग शेवटच्या पाळीत काचवाल्यांचे तीन गडी दहा मिनिटांत बाद झाले. अजिंक्यपद हार्लनला गेलं.

"जावयासाठी केलंस!" प्रूएट फाटकात येऊन ओरडला. "सगळ्या गावादेखत!"

हुडाकने पाणसळ पुढे केली. "ठेवून बघा, साहेब."

प्रूएटने बघितलं नाही. हुडाकने कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि त्याच्या हातात दिल्या. आना आत भांडी बांधत होती; आज सूपात एकही टरफल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. बांधलेल्या गाठोड्यांच्या मधे बसून जेवताना क्विलने विचारलं, "मिस्टर हुडाक, काल तुम्ही कुणाच्या बाजूने होता?"

"टोपी खुंटीला अडकवलीस?"

"हो."

"मग जेव."

भट्टीपुढे त्याला उभं राहावं लागलं नाही. पोटावर पडलेल्या त्या पंचाने ओळखीने शाळेच्या मैदानाचं काम मिळवून दिलं. तिथे तो आज वीस वर्षं आहे. न्हाव्याकडे मात्र जात नाही. केस मिल्का कापते.

गेल्या मे महिन्यात मी त्याला म्हणालो, की जन्मभर उतार करणारा हात असा सुटत नाही, शाळेची रेघही आमच्या पोरांच्या बाजूने कललेली असणार. पैज लागली. मी जिंकलो तर त्याने न्हाव्याच्या दुकानात जाऊन आहेराची गोष्ट स्वतः सांगायची. तो जिंकला तर मी वर्षभर न्हाव्याकडे त्याची नक्कल करायची नाही. ना तो मिटलेला डोळा, ना ती खरखर. मी रेघेवर तीन चेंडू सोडले, तिन्ही नाकासमोर सरळ गेले. म्हातारा एक डोळा मिटून म्हणाला, "अजून टाक." मी चौदा टाकले. मग त्याने पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. पुढच्या मे महिन्यापर्यंत मला तोंड बंद ठेवायचंय. लिहिण्याबद्दल काही ठरलं नव्हतं.