हेल्मेटखालची कानटोपी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधे मधे मला थांबावं लागणार नाही. हा प्रकार ऐकून आमच्या सासूबाई फोनवर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि सासऱ्यांना पाणी घेऊन धावावं लागलं. आणि आमच्या सासूबाई कशालाच हसत नाहीत हो! माझ्या पुरणपोळीला सोडून.

तर मी अनघा. राहणार आखातातलं अल मनखूल, मुक्काम कायम काळजीत. म्हणजे बघा, लिफ्टमध्ये शिरताना मी आधी लिफ्टच्या आतला फोन चालतो का ते बघते. आमची ईरा पाच वर्षांची झाली तरी द्राक्षं अजून उभी चिरून देते. नवऱ्याला शिंक आली की मी लांबच्या लांब विचार करत कुठवर पोचते ते विचारूच नका.

आणि अशा बाईच्या नवऱ्याला डॉक्टरांनी सांगितलं, "बीपी जरा वर आहे. वजन उतरवा, घोरणं कमी होईल, व्यायाम करा."

व्यायाम म्हणजे माणूस काय करेल? गॅलरीत चार उड्या मारेल. खालच्या बागेत चालेल. आमच्या मंदारने सायकल घेतली! मराठी मंडळींच्या एका सायकल ग्रुपात शिरला, हळदीसारखी पिवळीधमक जर्सी आणली, आणि थंडी पडल्यावर एके दिवशी जेवता जेवता म्हणाला, "शनिवारी जबल जैस चढणार."

माझ्या हातातला पोळीचा तुकडा तसाच राहिला. जबल जैस बघितलाय का तुम्ही? रास अल खैमाचा तो उघडाबोडका डोंगर! झाड नाही, झुडूप नाही, नुसता करड्या दगडांचा ढीग आणि त्यावर कोणीतरी रिबिनीसारखा रस्ता टाकून दिलेला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वळणं अशी की आपल्याच गाडीची मागची नंबरप्लेट दिसेल. लोक तिथे हौसेने जातात. मला फोटो बघूनच चक्कर येते.

"एकटा नाही जायचं," मी म्हणाले. "मी गाडी घेऊन मागून येणार. शेवटपर्यंत."

"तू? डोंगरात? गाडी?"

हा प्रश्न अगदीच अन्यायाचा नव्हता. मला लायसन मिळून फार दिवस झालेले नाहीत. कितव्या टेस्टला मिळालं हा आपला विषय नाही. पण मी गाडी नियमाने चालवते. माझे नियम दोन. एक, नजर सरळ समोर, आजूबाजूला बघायचं नाही. दोन, गाडीत कोणी बोलायचं नाही.

शनिवारी उजाडायच्या आत निघालो. पायथ्याला पोचलो तर हा गार वारा! मी पिशवीतून तपकिरी कानटोपी काढली. सासूबाईंनी विणून पाठवलेली, डोकं-कान-तोंड सगळं झाकणारी.

"हेल्मेटखाली घाल."

"अगं, सगळे हसतील. मी काय नळावर पाणी भरायला निघालोय का?"

"कानात वारा शिरला की बीपी वाढतं."

"हे कुठल्या डॉक्टरने सांगितलं?"

"घाल म्हटलं ना!"

"नाही घालणार म्हटलं ना!"

शेवटी मी ती त्याच्या जर्सीच्या मागच्या खिशात कोंबली. त्याने तोंड फुगवलं. मीही फुगवलं. त्याचा फोन मी चार्जिंगला ठेवून घेतला, पंप आणि जादाची ट्यूबही डिकीत टाकली. "ओझं कशाला? मागे मी आहे ना!" हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर ते आता जन्मभर लक्षात राहील.

तेवढ्यात ईराला सू-सू आली. आम्ही दोघी जाऊन येतो तोवर सगळी पिवळी फौज निघूनही गेली!

"ईरा, आता डोंगर संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. ममाला टेन्शन येतं."

"ओके ममा. बट व्हॉट इफ..."

"एक शब्द नाही!"

डबल इंडिकेटर लावला, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि निघाले. चढावर जिकडेतिकडे पिवळ्या पाठी. सगळ्यांची जर्सी तीच, हेल्मेट तसंच, काळे गॉगल. पण मला काय काळजी? मी सासूबाईंना छातीठोक सांगून ठेवलं होतं, "आई, त्याची पाठ मी मैलभरावरून ओळखीन."

आणि ओळखली की! पहिलं मोठं वळण घेतलं, आणि समोर एक गोलसर, जरा डावीकडे कललेली पाठ. आणि हेल्मेटखाली... तपकिरी कानटोपी!

काय सांगू, डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. घातली! वरवर नाही म्हणाला, तोंड फुगवलं, पण वळणाआड जाऊन गुपचूप घातलीच. असा आहे माझा मंदार! लोक उगाच म्हणतात, नवरे ऐकत नाहीत.

मी त्याच्यामागे गाडी लावली.

तेवढ्यात रस्त्याच्या कडेला, गाड्या थांबवायच्या जागी, काहीतरी पिवळं हलताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. कोणीतरी बिचारा सायकल उलटी करून उभा होता आणि दोन्ही हात जोरजोरात हलवत होता. मी काही बाजूला बघत नाही, नियम म्हणजे नियम. पण माणुसकी आहे की नाही? हॉर्न वाजवला, हात वर करून टाटा केला.

"बघ ईरा," मी म्हणाले, "त्या काकांचे कान उघडे आहेत. घरी काळजी करणारं कोणी नाही वाटतं."

"ममा, कॅन आय टॉक नाउ?"

"शू! वळण आहे!"

मागच्या काचेतून ईराने मात्र ते काका दिसेनासे होईपर्यंत हात हलवला. मुलगी गुणी आहे हो आमची.

पुढे काय वर्णन करू! मी पुढे जाऊन कठड्यावर पाण्याची बाटली ठेवायची आणि घाईने गाडीत परतायचं, ईराला एकटं कसं सोडणार? आरशात बघायचं, तर हा थांबतो, अर्धी बाटली संपवतो, अंगठा दाखवतो. डिंकाचा लाडू ठेवला. खाल्ला. दुसरा ठेवला. तोही खाल्ला! घरी डिंकाचा लाडू बघून जो माणूस "बांधकामाला आणलाय का?" असं विचारतो, तो!

फक्त बोलत मात्र नव्हता. म्हटलं, रुसवा अजून गेलेला नाही. मग मीच नमतं घेतलं. त्याच्या बाजूने गाडी हळू चालवत, उजवीकडची काच खाली करून, नजर अर्थात सरळ समोर ठेवून, ओरडायला सुरुवात केली.

"पाणी पी रे!"

अंगठा.

"जोर नको लावूस! डॉक्टर काय म्हणालेत? घोरणं कमी व्हायला पाहिजे, जीव नाही!"

सायकल जराशी डुगडुगली. पण अंगठा वर आला.

"सकाळी मी ओरडले ना, सॉरी! मला भीती वाटते रे! तुला काही झालं तर मी कोणाकडे बघायचं?"

यावर जो सुटलाय तो! चढावर! उभा राहून पॅडल मारत! मी मागून बघतच राहिले. प्रेमाच्या दोन शब्दांत किती ताकद असते बघा. दर वळणाला मी असंच काहीबाही ओरडत होते आणि दर वळणाला तो आणखी जोरात पळत होता.

"ममा, इज द डोंगर फिनिश्ड?"

"नाही!"

अखेर वरचा पार्किंगचा मोठा चौक आला. तो सायकलवरून उतरला आणि हँडलवर डोकं टेकून, आमच्याकडे पाठ करून धापा टाकत उभा राहिला. मी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी बजावलं होतं, "वर पोचला की पहिली दृष्ट काढ. एवढ्या उंचावर चढला की लोकांच्या डोळ्यांवर येतं." मीठ-मोहरीची पुडी मी घरूनच आणली होती.

एका हातात फोन, एका मुठीत मीठ-मोहरी. मी धावत गेले आणि मागूनच ओवाळायला लागले, "आल्यागेल्याची, पाहुण्यारावळ्याची, सायकलवाल्यांची, गाडीवाल्यांची..."

"हां, पायापासून डोक्यापर्यंत," फोनमधून सूचना.

डोक्यापर्यंत मूठ गेली, तसा तो वळला. गॉगल काढला. कानटोपी वर केली.

आतून मिशा निघाल्या.

मंदारला मिशा नाहीत.

"ताई," त्या मिशा हात जोडून म्हणाल्या, "लई उपकार झाले तुमचे. अशी सर्व्हिस मी कुठल्याच ग्रुपात बघितली न्हाई."

फोनमधून सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा कोण?"

मी मूठ तशीच हवेत धरून उभी. "तुम्ही... तुम्ही कोण?"

"मी संतोष. साताऱ्याकडला. हितं टाइल्सच्या फॅक्टरीत असतो. आज पहिल्यांदाच आलोय ग्रुपासंगं. सांगितलं व्हतं, मागनं गाडी आसंल, पाणी-खाणं देईल. पण लाडू आन् दृष्टपण आसंल आसं वाटलं नव्हतं."

"आणि कानटोपी?"

"आईनं दिलीया. थंडीत घालायची म्हणजे घालायची." मग जरा अवघडून म्हणाला, "ताई, एक विचारू? मी घोरतो हे तुम्हाला रूममेटनं सांगितलं काय?"

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण डोंगरात जमीन कुठली, सगळा दगड!

"आणि माझा मंदार?" मी किंचाळलेच.

"मंदार म्हंजे... खाली पंक्चर झालेले का? मी जाता जाता इचारलं त्यांना, मदत पायजे का. म्हणले, नको, नको, मागनं माझी बायको येतीया, तिच्याकडं समदं हाय."

मुठीतली मीठ-मोहरी सांडली. सगळं आलं लक्षात. उलटी सायकल. उघडे कान. दोन्ही हात. आणि मी टाटा केला. हॉर्न वाजवून!

मी गाडीकडे धावले. ईरा सीटवर शांत बसलेली.

"ईरा! तुला दिसला होता बाबा?"

"येस."

"मग बोलली का नाहीस?"

"यू सेड नो टॉकिंग टिल द डोंगर इज फिनिश्ड."

खाली उतरताना माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं! बीपीचा माणूस, पाणी नाही, फोन नाही, उन्हं चढायला लागलेली. चक्कर आली असेल. कठड्यावरून तोल गेला असेल. ज्याच्यासाठी एवढा डोंगर चढले त्यालाच सोडून आले आणि परक्याला लाडू भरवत बसले! दरी बघायची भीतीसुद्धा मी विसरले.

आणि ते वळण आलं. बघते तर काय, एका अरबी आजोबांनी गाडीशेजारी सतरंजी अंथरलेली. वर खजूर, थर्मास, छोट्या छोट्या पेल्यांत गाहवा, म्हणजे अरबी कॉफी. सोबत त्यांची नातवंडं. आणि मधोमध मांडी ठोकून, डोक्याला तपकिरी कानटोपी घालून, आमचे हे!

मी गाडी कशीबशी लावली आणि धावत जाऊन त्याला घट्ट धरलं. "तू बरा आहेस? चक्कर आली का? पाणी? बसलास कसा उन्हात?"

आजोबा खुशीत होते. "हबीबी, धिस युवर वाइफ? व्हेरी गुड वाइफ! शी से बाय-बाय, पीप-पीप!" असं म्हणून त्यांनी हॉर्न दाबून हात हलवल्याची इतकी हुबेहूब नक्कल केली की नातवंडं लोळायला लागली. नको नको म्हणत निघालो तरी त्यांनी मूठभर खजूर माझ्या ओंजळीत घातलेच.

मंदार रागावला नाही हो. तेच तर वाईट! रागावला असता तर मलाही उलट भांडता आलं असतं. सायकल डिकीत टाकली, शेजारी बसला आणि सगळी कहाणी ऐकून घेतली. पाणी, लाडू, अंगठा, सगळी.

"म्हणजे तू पाणी पी म्हणालीस आणि तो प्यायला?"

"हो."

"डिंकाचे लाडू खाल्ले? दोन्ही?"

"हो रे."

"आणि कानटोपी घालून बसला होता?"

"हो!"

"अनघा, आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली. सांगितल्याबरोबर ऐकणारा माणूस बघून तुला तो मी वाटलोच कसा?"

मी नजर सरळ समोर ठेवली.

"तू टोपी घातलीस पण शेवटी," मी हळूच म्हणाले.

"तू दिसेनाशी झाल्यावर," तो म्हणाला, आणि ती डोक्यावरून काढली मात्र नाही.

तेवढ्यात बाजूने सर्रकन एक सायकल उतारावरून पुढे गेली. पिवळी पाठ, तपकिरी कानटोपी, वेग असा की माझा हात हॉर्नवर गेलाच. काच खाली. "अरे हळू! ब्रेक दाब! तुला काही झालं तर मी कोणाकडे बघायचं?"

शेजारून आवाज आला, "अनघा, मी इथे आहे."

समोरची पाठ मात्र लगेच हळू झाली. अंगठा वर आला.

"माहितीये रे," मी म्हणाले. "पण तो ऐकतो!"

मागच्या सीटवरून खजुराची बी तोंडातून काढत आमची कन्या अगदी माझ्याच सुरात म्हणाली, "ममा, शू! नो टॉकिंग. वळण आहे."