पोरगा शांत झाला

बापूसाहेबांच्या अंगणात माझा मुलगा मान खाली घालून उभा होता. पंधरा वर्षांचा. शाळेच्या काचा त्यानेच फोडल्या होत्या, नाही म्हणत नाही. गावची निम्मी जमीन बापूसाहेबांची. खुर्चीतून न उठता ते मला म्हणाले, "मोकळा सोडाले हा काय माणूस हाय? कोंड याले." फाटकाशी गाव गोळा झालं होतं.

मी म्हटलं, "हो जी."

तिथेच थांबले असते तर बरं. दुसऱ्या दिवशी पहिल्या तोड्याची वांगी टोपलीभर त्यांच्या घरी पोचवली. सल्ला दिला म्हणून. अशी मी हुशार बाई. नंतर कळलं, दोन वांगी किडकी निघाली. त्या सगळ्यात शहाणपण तेवढंच, तेही वांग्यांचं.

दीड वर्ष त्याला मागच्या खोलीत कोंडलं. आधी दार वाजवायचा. मग थांबला. मी गावभर सांगत फिरले, पोरगा शांत झाला.

आज तो चाळिशीत आहे. दार उघडंच असतं. तो बाहेर येत नाही.

यंदा लेक तिच्या मुलाला घेऊन माझ्याकडे राहायला आली. तो सोळाचा. बाप सोडून गेल्यापासून झोपत नाही, हाती येईल ते फेकतो. बापूसाहेबांच्या मुलाच्या गाडीवर त्याने दगड घातला. गाडीचा मालक दारात आला. "आजी, कोंडा याले. तुमाले तं सवय हाय."

मी म्हटलं, "नाई कोंडत."

दुसऱ्या दिवशी निंदताना सोबतच्या बायांना पंचवीस वर्षं पोटात ठेवलेलं सगळं सांगितलं. खुरपी चालत राहिली. ओळ संपल्यावर ध्रुपदा म्हणाली, "सोमवारी माह्या घरी पाठवजो त्याले. मले मारलं तं तुह्या नावानं बोंबलीन."

आम्ही एकमेकींच्या वावरात पाळीने निंदायला जातो. पोराचंही तसंच ठरलं. रोज एक घर. वाशीमला डॉक्टरकडे नेणारी वेगळी, लेकीजवळ बसणारी वेगळी. एकीच्या घरी त्याने भाजीचं पातेलं भिरकावलं. तिने पाळी सोडली. बाकीच्या आहेत. तो अजून झोपत नाही.

आता ग्रामसभेत अर्ज आलाय, पोराला गावाबाहेर काढा म्हणून. आम्ही सगळ्या जाणार, त्याला मधे बसवून. आणि मी उभी राहून सांगणार, माझा मुलगा कोणी कोंडला ते. बापूसाहेबांचं नाव घेणार. त्याच्या आधी माझं.