कपाटामागची भिंत

कोणाच्याही घरी गेला की पेंटर आधी छताकडे बघायचा, मग माणसांकडे. जाता येता भिंतीवर अंगठा घासायचा, पांढरं निघतंय का पाहायला. चहा उभ्यानेच प्यायचा. टेप त्याने कधी वापरली नाही. खोलीत चार पावलं इकडे, चार तिकडे, आणि ओठांतल्या ओठांत आकडा. "साडेसात लिटर." तीस वर्षांत वाटीभर रंग कमी पडला नव्हता.

मुलगी शुक्रवारी येणार होती. सासर सोडून, कायमची. फोनवर एवढंच म्हणाली, "माझी खोली आहे ना अजून?"

त्याने बुधवारी खोली पावलांनी मोजली.

"अहो, एकदा टेप लावा. घरचं काम आहे," बायको म्हणाली.

"घरचंच आहे. चुकलं तर गिऱ्हाईक कुठे पळून जाणार?"

रंग त्याने स्वतः मिसळला. पांढऱ्यात पिवळा, वर काळ्याचे थेंब, सगळं नजरेच्या अंदाजाने. असा रंग पुन्हा तसाच जमत नाही, म्हणून एकदमच करायचा.

शुक्रवारी दुपारी डबा तळाला गेला आणि भिंतीवर दारापेक्षा मोठा चौकोन कोराच राहिला. लोकांची जड कपाटं कोणी हलवत नाही, मागे रंग लागत नाही. म्हणून मोजताना तेवढी भिंत तो वजा करायचा. इथेही केली होती. इथलं कपाट तर महिन्यापूर्वीच मेहुणीकडे गेलं होतं. त्यानेच एक बाजू धरून ते जिन्यावरून उतरवलं होतं.

पुन्हा मिसळला. काळपट आला. मग हिरवट. तिसरा ओला असताना जुळला, वाळल्यावर फसला. चौथा, पाचवाही तसेच. तो खिडकीपर्यंत जायचा, परत यायचा, डोळे बारीक करायचा.

"टेबल लावू तिथे," बायको म्हणाली.

"टेबल कमरेएवढं. वर काय, कॅलेंडर लावू?"

"लावा की दोन."

बेल वाजली. मुलगी दोन बॅगा घेऊन आत आली. तिने खोली पाहिली, भिंतीवरची पाच ठिगळं पाहिली.

"छान झालीय, बाबा."

"झाली कुठे? अर्ध्या तासात करतो. तू बाहेर बस."

"मला झोपायचंय."

तिने गादी खाली ओढली आणि दार हळूच लावून घेतलं. तो बाहेर उभा राहिला, हातात ब्रश. डब्यातला सहावा रंग जुळेल असं त्याला वाटत होतं. त्यावर साय धरू लागली होती.