मालनबाईंचा डावा डोळा

कसबा पेठेत पूजेच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या मालनबाईंची जीभ अडकित्त्यासारखी चाले. गिऱ्हाईकानं उदबत्तीचा पुडा हुंगून पाहिला की त्या म्हणत, "सगळा वास इथेच घ्या, देवाला काड्या न्या." तरी गिऱ्हाईक तुटत नसे. टोमणा ऐकल्याशिवाय वाती नीट जळत नाहीत, अशी पेठेची श्रद्धा होती.

घरचं माणूस मात्र याच जिभेनं तुटलं. सून अक्षतानं पहिल्या होळीला पुरणपोळ्या केल्या आणि मालनबाई आल्यागेल्यांसमोर म्हणाल्या, "पोळ्या कसल्या, पापड आहेत. डब्यात भरून ठेवू, पावसाळ्यात तळता येतील." अक्षता रडली. मुलगा अनिरुद्ध म्हणाला, "आई, तिची एकदा माफी माग."

"मी खोटं काय बोलले?"

अनिरुद्ध बायकोला घेऊन शहराच्या टोकाला, हडपसरच्या पुढे मांजरीच्या नव्या सोसायटीत राहायला गेला. अमेरिकेला गेला असता तर निदान फोन तरी आला असता. मांजरी पडलं जवळ! तिकडून चार वर्षं कुणी फिरकलं नाही.

गेल्या वर्षी मालनबाईंचा डावा डोळा लवू लागला. बाईचा डावा डोळा लवला की दुरावलेलं माणूस भेटतं म्हणतात. बाई हरखल्या. सुपारीचा भाव सांगताना डोळा मिचकावला गेला, तेव्हा सत्तरीतले गुरुजी इतके लाजले की सुपारी न घेताच निघून गेले. पुढे गालही उडायला लागला.

"निघालाय तो," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "हडपसरपर्यंत आला असेल."

ओठाचा कोपरा ओढला जाऊ लागला तेव्हा त्यांनी अनिरुद्धच्या उशांना नवे अभ्रे घातले.

दशरथराव हे संसारभर मान हलवूनच बोललेले गृहस्थ. चष्म्याचा नंबर काढायचाय, असं सांगून त्यांनी बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासण्या पाहून समजावलं, "मेंदूजवळची एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर टेकतेय, म्हणून अर्धा चेहरा उडतो. चाळिशी-पन्नाशीनंतर हे जास्त दिसतं, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. रक्तदाब असलेल्यांतही बरंच आढळतं. तुमचा तर चढलेलाच आहे. गोळ्या घेता ना?"

"मला कसला दाब? पेठेत विचारा, दाब मी देते."

"काळजीनं, जागरणानं झटके वाढतात, आजी."

'आजी'लाही उत्तर आलं नाही, तेव्हाच दशरथराव घाबरले. बाईंनी विचारलं, "म्हणजे यात कुणी येण्याबिण्याचं काही नसतं?"

"कोण येणार होतं?"

दशरथराव भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत राहिले.

चेहऱ्यात इंजेक्शनं दिली की झटके काही महिने थांबतील, ती बाजू जरा सैल पडेल, असं डॉक्टर म्हणाल्या. रक्तदाबाच्या गोळ्या बाईंनी निमूट सुरू केल्या, पण इंजेक्शनाला नकार दिला.

"अहो, झटके थांबले आणि तो वाटेतूनच परत फिरला तर?"

दशरथरावांनी या वेळी मान हलवली नाही. "मालन," ते म्हणाले, "तो निघालेलाच नाही."

बाईंनी इंजेक्शनं घेतली. आठवड्याभरात चेहरा शांत झाला. मग एका सकाळी त्यांनी दुकानाचं शटर अर्ध्यावरच थांबवलं. "चला मांजरीला. काय मागायची ती माफी मागते."

सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं विचारलं, "कोन आलंय सांगू?"

"आई आलीय म्हणा."

त्यानं फोन लावला, ऐकून घेतलं आणि हळूच खाली ठेवला. बिचारा नवखा होता, त्याला खोटं नीट सांगता येईना.

"साहेब म्हनत्यात, साहेब घरी न्हाईत."

मालनबाईंनी पदर सारखा केला. "बरं. साहेबांना सांगा, आईसुद्धा आलेली नाही."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. हडपसर यायच्या आत त्यांना रडू फुटलं. चेहऱ्याची उजवी बाजू पार वेडीवाकडी झाली होती. डावी औषधानं तशीच सैल, शांत. दशरथराव डाव्या हाताला बसले होते. बराच वेळ त्यांना कळलंच नाही.