बिअर, कंबर आणि सोळा बाय बाराचं मॅनहोल

"गेल्या वर्षी स्टीम ड्रमच्या आत कोण गेलं होतं, माने?"

चव्हाण साहेब आमचे नवे चीफ इंजिनिअर. रुजू होऊन चारच दिवस झाले होते. त्यांच्या टेबलावर गेल्या वर्षीचा बॉयलर रिपोर्ट उघडा होता. 'ड्रमची आतून तपासणी केली. स्थिती समाधानकारक.' खाली माझी सही.

"मीच, सर."

साहेबांनी रिपोर्टवरची नजर उचलली आणि माझ्या पोटावर ठेवली. तिथं ती बराच वेळ राहिली. मग त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला.

"मॅनहोल सोळा बाय बारा इंच, लंबगोल. म्हणजे परीघ साधारण चव्वेचाळीस इंच. तुमची कंबर किती?"

"बेचाळीस," मी म्हणालो. एकाच बैठकीतली दुसरी थाप. कंबर सेहेचाळीस होती.

"छान. मग यंदाही तुम्हीच आत जा. मी बाहेर उभा राहतो."

मी साखर कारखान्यात बॉयलरचा इंजिनिअर. कारखाना माढ्याच्या बाजूला, घर सोलापुरात. उसाचा हंगाम संपला की कारखाना थंड पडतो आणि आम्ही सगळी मशिनरी उघडून बसतो. त्याला ओव्हरहॉलिंग म्हणतात. बॉयलर म्हणजे पाच मजली उंच चूल समजा. खाली उसाचा चोथा जळतो. सगळ्यात वर टँकरच्या टाकीसारखं एक आडवं लोखंडी पिंप असतं, तो स्टीम ड्रम. पाण्यातून वाफ सुटते ती इथं. ड्रमच्या आत ओळीनं डबे बसवलेले असतात. त्यांना सायक्लोन म्हणतात. वाफेबरोबर निघालेलं पाणी झटकून खाली टाकायचं, एवढंच त्यांचं काम. पुढं कोरडी वाफ टर्बाइनला जाते, टर्बाइन वीज करतं, विजेवर कारखाना चालतो.

वर्षातून एकदा माणसानं या ड्रममध्ये शिरून सगळं डोळ्यांनी बघायचं असतं. शिरायची वाट एकच, मॅनहोल.

गेल्या वर्षी मी प्रयत्न केला होता. डोकं गेलं, खांदे गेले, पोटानं नकार दिला. मग आमचा फिटर रज्जाकभाई पुढं झाला. रज्जाकभाई म्हणजे पंचावन्न किलोचा गडी. पेटीत पत्र टाकावं तसा आत गेला. आतून ओरडून त्यानं सगळं सांगितलं, बाहेर बसून मी लिहून घेतलं आणि सही ठोकली.

आता पोटाचं कारण सांगतो. बॉयलर हाऊसमध्ये दिवसभर भाजून निघाल्यावर संध्याकाळी कारखान्याच्या बसनं घरी यायचं, अंघोळ करायची आणि गच्चीवर खुर्ची टाकून दोन बाटल्या गार बिअर घ्यायची. हा माझा अठरा वर्षांचा नेम. ड्युटीवर कधी थेंब घेतला नाही. पण सोलापूरच्या मे महिन्यात, गच्चीची फरशी अजून चटके देत असताना पहिला घोट घशाखाली उतरतो, तेव्हा दिवसभराचा कारखाना माफ करावासा वाटतो. ते सोडायची माझी तयारी नव्हती.

ड्रम बंद करायला दीड महिना होता. मी सुनंदाला, म्हणजे बायकोला, प्लॅन सांगितला.

"आजपासून भात बंद. गोड बंद. रात्रीची भाकरी बंद."

"आणि बिअर?"

"तिचा काय संबंध? बार्लीचं पाणीच असतं ते. मुतखड्याला डॉक्टर स्वतः देतात."

"अहो, मग बार्ली आणून उकळून देते की. गच्चीवर नेऊन प्या."

मी विषय बदलला.

सकाळी तलावाभोवती चालायला लागलो. दुपारच्या डब्यात एक भाकरी आणि मेथी. शेंगाची चटणी बंद, हे सोलापूरच्या माणसानं लिहावं असं वाक्य नाही, पण बंद. बिअरबरोबरचे खारे दाणे, चिवडा, कांदाभजी बंद. बिअरबरोबर मी काकडी खायला लागलो. काकडी खाऊन बिअर पिणाऱ्या माणसाकडं शेजारीपाजारी दयेनं बघतात.

खरी गोष्ट माहीत असलेला माणूस कारखान्यात एकच, रज्जाकभाई. त्यानं भंगारातला एक पत्रा घेतला, त्यात सोळा बाय बाराचं लंबगोल भोक पाडलं, कडा घासल्या, वर जुनी रबरी नळी चिरून बसवली आणि वर्कशॉपच्या मागं दोन स्टँडवर तो पत्रा उभा केला.

"साहेब, काट्यावर उभं राहून काय कळतंय? हितं घुसून बघा दर शनवारी."

पहिल्या शनिवारी पत्रा बरगडीच्या खाली अडकला. रज्जाकभाईनं माझ्या बनियनवर खडूनं रेघ मारली. दुसऱ्या शनिवारी रेघ तिथंच. तिसऱ्या शनिवारी वजन अठ्ठ्याण्णववरून त्र्याण्णववर आलं होतं. रेघ तिथंच.

पाच किलो गेले कुठून, ते सगळ्यांना दिसत होतं. चेहऱ्यावरून. गाल बसले, मान बारीक झाली, पोट आपल्या जागी. टाइम ऑफिसमधला एक जण मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, शुगर निघाली का?" दुसऱ्यानं पंढरपूरकडच्या कुठल्याशा वैद्याचा नंबर आणून दिला. सासूबाईंनी फोनवर सुनंदाला विचारलं, "जावईबापूंना कसलं टेन्शन आहे का?"

"आहे," सुनंदा म्हणाली. "सोळा बाय बाराचं."

चौथ्या आठवड्यात निवडणूक आली. दारूची सगळी दुकानं, बार दोन दिवस बंद. साठा करून ठेवायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. दोन संध्याकाळी मी गच्चीवर नुसता बसून राहिलो. त्या शनिवारी पत्र्यात घुसलो आणि खडूची रेघ ओलांडून चांगला चार बोटं पुढं गेलो.

रज्जाकभाई पत्र्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं.

"साहेब, ह्या हप्त्यात काय येगळं केलं?"

"काही नाही."

"आठवून सांगा की."

मला आठवलेलं होतं. सांगायचं नव्हतं. शेवटी सांगितलं.

"मग झालं तर!" तो म्हणाला. "मी जल्मात कधी घेतली न्हाय, मला काय कळत न्हाय त्यातलं. पन चरबी येक, आन गॅस येक. चरबी ऱ्हाऊ द्या. गॅस दोन दिसात उतरतोय, हे पत्र्यानंच सांगितलं."

साधा फिटर. पण मोजमाप त्याच्या बाजूनं होतं. वाद घालायला जागा नव्हती. तरी मी घातला.

"म्हणजे कायमची सोडू?"

"कायमची कुटं म्हनलो? सोमवार-मंगळवार सोडा. बुधवारी आत जावा. रात्री पिंपभर प्या, कोन इचारतंय?"

ही तडजोड मला न्यायाची वाटली.

बुधवारी सकाळी मी नुसत्या चहावर पाच मजले चढलो. बॉयलर कित्येक आठवडे आधीपासून गार होता. वाफेचे आणि पाण्याचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून कुलपं घातलेली होती, आतल्या हवेची तपासणी झालेली होती. आत न्यायचा दिवा चोवीस व्होल्टचा असतो, कारण लोखंडाच्या पिंपात बसलेल्या माणसाला घरच्या विजेचा शॉक लागला तर तो सांगायला उरत नाही. आणखी एक नियम, ड्रममध्ये जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद होते आणि बाहेर आल्यावर खूण होते. विसरलेला एक पाना पुढं पाइपमध्ये अडकला तर बॉयलर फुटू शकतो. खिसे रिकामे, पट्टा काढलेला. वही घेऊन चव्हाण साहेब स्वतः उभे.

"दिवा एक. हातोडी एक. खडू एक. जा."

रज्जाकभाईनं शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात डोक्याच्या पुढं, एक खांदा खाली, अंग तिरकं. मग सगळा श्वास सोडायचा आणि पायानं प्लॅटफॉर्मला रेटा द्यायचा. बरगड्या गेल्या. पोट कडेला टेकलं, क्षणभर विचार केला आणि आलं. मी आत होतो. बाहेरून रज्जाकभाईनं टाळी वाजवली. साहेबांसमोर ती बरी दिसली नाही, पण मला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं दोन मिनिटं टिकलं.

गुडघ्यांवर सरकत, दिवा पुढं धरत मी सायक्लोनच्या ओळीनं निघालो. हातोडीनं एकेक ठोकायचा. घट्ट असेल तर खणकन वाजतो. सहावा वाजला नाही, हलला. सातवा जागेवर नव्हताच, ड्रमच्या तळाशी आडवा पडला होता. त्याचे बोल्ट गंजून तुटले होते. आठवा एका बोल्टवर लटकत होता.

मी तिथंच बसलो. गेल्या हंगामात आमच्या वाफेतून पाणी जात होतं. याला कॅरी ओव्हर म्हणतात. त्या पाण्यातल्या क्षारांचा थर टर्बाइनच्या पात्यांवर बसला, टर्बाइन दोनदा उघडावं लागलं, दोनदा कारखाना उभा राहिला. प्रत्येक मीटिंगमध्ये मी छातीठोकपणे सांगितलं होतं की बॉयलर ठीक आहे, लॅबच बॉयलरला पाणी नीट शुद्ध करून देत नाही. लॅबच्या केमिस्ट बिराजदार मॅडम त्यांचे रिपोर्ट दाखवून दमल्या. त्यांना मेमो मिळाला. आणि आता मला रज्जाकभाईचं गेल्या वर्षीचं आतून आलेलं बोलणं आठवलं, "साहेब, हितले बोल्ट गंजल्यागत वाटायलेत, तुमी येकदा बघा." मी बाहेरून म्हणालो होतो, "ठीक आहे, ठीक आहे." बघणार कसा होतो?

तुटलेल्या जागांवर खडूनं खुणा केल्या आणि परत फिरलो.

आत येताना पायाला प्लॅटफॉर्म होता. बाहेर येताना पायाखाली ड्रमची गोल, गुळगुळीत भिंत. रेटा द्यावा तर पाय घसरतो. त्यात तासभर घाम निथळून पँट अंगाला चिकटलेली. हात आणि डोकं बाहेर आलं, पोटही आलं, आणि पँटचा गोळा होऊन मी कमरेशी पक्का अडकलो.

"श्वास सोडा," साहेब म्हणाले.

"सोडलाय, सर."

"साहेब, पँट सोडा," रज्जाकभाई म्हणाला.

"रज्जाकभाई, काहीतरी काय!"

"मग बॉयलर कापू का?"

मी एक हात आत घालून बटण सोडलं. साहेबांनी एक मनगट धरलं, रज्जाकभाईनं दुसरं. "हां, ओढा!" मी बाहेर आलो. पँट आली नाही. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर, पाच मजल्यांच्या उंचीवर, चीफ इंजिनिअरच्या समोर उभा राहिलो. वारा छान सुटला होता.

साहेबांचा चेहरा हलला नाही. त्यांनी वही उघडली.

"दिवा आला. हातोडी आली. खडू आला. पँट आत आहे." त्यांनी तसं लिहिलं. "रज्जाक, काढून आणा."

रज्जाकभाई सुर्रकन आत गेला. आम्ही दोघंच उरलो.

"काय सापडलं?" साहेबांनी विचारलं.

मी सांगितलं. सहा, सात, आठ. चड्डीवर उभ्या माणसाकडं लपवायला तसं फारसं काही उरत नाही. मी पुढचंही सांगितलं.

"सर, गेल्या वर्षी मी आत गेलो नव्हतो. मावलो नाही. सही खोटी होती."

"माहीत होतं," ते म्हणाले. "तुमची कंबर पहिल्याच दिवशी डोळ्यांनी मोजली होती. चव्वेचाळीसमध्ये सेहेचाळीस जात नाहीत."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा बोललो असतो तर तुम्ही रिपोर्ट बदलला असता. ड्रमच्या आत गेला नसता." रज्जाकभाईनं बाहेर फेकलेली पँट त्यांनी माझ्या हातात दिली आणि वहीत खूण केली. "घाला. आणि खाली लॅबमध्ये जाऊन या."

बिराजदार मॅडम पाण्याची टेस्ट घेत होत्या. मी दारातच सगळं सांगून टाकलं. चूक माझी होती, तुमचं पाणी चांगलं होतं, मला माफ करा. त्यांनी हातातली नळी स्टँडला लावली, चष्मा काढला.

"माने साहेब, मला मेमो लेखी आला होता."

"हो, मॅडम."

"मग हेही लेखी द्या. एक कॉपी माझ्या फाइलला, एक एमडी साहेबांना."

दिलं. एका पानाचं पत्र लिहायला मला पूर्ण दुपार लागली. त्यांचा मेमो रद्द झाला. मला एक नवाकोरा मिळाला, वर एक वर्षाची वेतनवाढ थांबली. बिराजदार मॅडम माझ्याशी पुढं दोन महिने फक्त पाण्याबद्दल बोलल्या, आणि तेही आकड्यांत. मला ते बरोबरच वाटलं. सायक्लोन सगळे नवीन बोल्टवर बसवले, आणि पुढच्या हंगामात टर्बाइन एकदाही उघडावं लागलं नाही.

याला आता तीन वर्षं झाली. दर ओव्हरहॉलिंगला मी स्वतः आत जातो. पँटऐवजी ट्रॅकची घट्ट चड्डी घालतो आणि वहीत तिची आधीच नोंद करायला लावतो. वजन एक्याण्णववर थांबलंय. खाली जात नाही, वर जाऊ देत नाही.

लोक विचारतात, बिअर न सोडता वजन उतरतं का? उतरतं. मी उतरवलं. फक्त बिअर सोडून बाकी सगळं सोडावं लागतं, आणि ऐन कामाच्या दोन दिवस आधी बिअरही. एवढं जमत असेल त्यानं खुशाल करावं. काकडी मात्र कोवळी बघून घ्यावी.