गुरुजींचा दगड

मी पदवीधर झालो, याचं सगळ्यात मोठं ऋण आमच्या गणिताच्या गुरुजींचं. आमच्या घरात त्याआधी कुणाला सहीसुद्धा येत नव्हती. गुरुजींनी मला शिकवलं, आणि जिंतूरच्या डोंगरातलं सरकारी शिकारीचं रानही दाखवलं. आषाढात धबधबा, थंडीत माथ्यावरची चढण, उन्हाळ्यात कुंडात पोहणं. एकही ऋतू ते चुकवत नसत. नाक्यावर उर्दूतला परवाना दाखवायचा आणि वर निघायचं.

पायथ्याशी मेंढरांचा वाडा होता. तिथला म्हातारा धनगर वर जाणाऱ्या प्रत्येकाला वाटेवर एक दगड ठेवायला लावी. उतरल्यावर ज्याचा त्याने उचलायचा. दिवस कलताना दगड उरला, तर म्हातारा कुत्री घेऊन शोधायला जाई.

मॅट्रिकच्या वर्षी, हिवाळ्यात, आम्ही चार मुलं आणि गुरुजी गेलो. म्हातारा म्हणाला, "मास्तर, बिगीनं उतरा. वाघरू फिरायलंय. परवा दोन शेरडं नेली."

"माझ्यात काय आहे खायला, मामा? नुसता खडू!" गुरुजी हसले.

वर पाखरं गप्प होती. परतताना झाडीत काहीतरी खाकरलं आणि आम्ही पोरं पळत सुटलो. गुरुजी मागे येतच असतील, असं मी धरून चाललो. खाली प्रत्येकाने आपला दगड उचलला. गुरुजींना वाकावं लागू नये म्हणून मी त्यांचाही उचलला.

वाटेवर एकही दगड उरला नाही, हे पाहून म्हाताऱ्याने कुत्री बांधली. आम्ही नाक्यावर थांबलो. डोंगरावरचं ऊन सरकत गेलं; गुरुजी आले नाहीत. मी वाड्याकडे धावलो आणि गुरुजी अजून उतरले नाहीत, असं म्हाताऱ्याला सांगितलं.

"समदे उतरले की! दगड कुठं हाय?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

म्हातारा उठला. "मास्तर वर, अन् दगड आपल्या पायानं गेला व्हय रं?" त्याने कुत्री सोडली.

गुरुजी घळीत पडलेले सापडले, गुडघा मोडलेला. हातभर अंतरावर धुळीत पंजे उमटले होते. त्यानंतर ते कधी सरळ चालले नाहीत. दगडाबद्दल त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

हैदराबादेत निकाल लागला, त्या दिवशी मी पत्र टाकलं:

"तीर्थस्वरूप गुरुजींना साष्टांग नमस्कार. मी बी. ए. झालो. पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तुमचा दगड मी उचलला. तुम्हाला वाकायला नको म्हणून. मामांशी खोटंही बोललो. तुम्ही काठी टेकत अजून वर जाता, असं कळलं. गुरुजी, तुमचा दगड कुणाला उचलू देऊ नका. माझ्यासारख्या आज्ञाधारक विद्यार्थ्याला तर मुळीच नाही."